फटफटीला आलेलं घामोळं

“तू मना येवराच सांग तुलसे, घामोलं मानसाला येतं का लोखंडाला?”

“मानसाला.”

“मंग ह्या काय हाय? ये, बग. हात लाव. हलू लाव, नायतं सालटा निंगल.”

तुळसानं फुंकणी चुलीशी ठेवली, पदराला हात पुसले नि पडवीत आली. पडवीत डॉक्टरांची फटफटी उभी होती, काळीभोर, अंगावर मच्छरदाणी घेऊन. तिच्या नवऱ्यानं, धाकूनं, मच्छरदाणीची कड उचलून धरली. तुळसा वाकली. पेट्रोलच्या टाकीवर, बसणाऱ्याचे गुडघे टेकतात त्या जागी, बारीक पुटकुळ्या उठल्या होत्या. मोहरीएवढ्या. उन्हाळ्यात पोरांच्या पाठीवर उठतात तशाच.

“काल नवत्या,” ती म्हणाली.

“काल नवत्या. फाटे दव परला आन ह्या उठल्या. पयले येलंला बी आशाच.”

“आथा?”

“आथा काय! खरवरायचा. परत पयलेपासून.”

“जयाचे बापूस, पुनव अकरा दिसांव आली.”

“मना मोजता येतान,” धाकू खेकसला नि ओट्यावर जाऊन उकिडवा बसला.

धाकू केणी कोपरीचा. बाप मिठागरात, आजा मिठागरात, आणि हा नऊ वर्षांचा असल्यापासून हातात दांताळं घेऊन खाडीकाठच्या कुंड्यांतून मीठ ओढत आलेला. घरात पाहुणा जेवायला बसला की पहिल्या घासाला पाण्याचा तांब्या शोधायचा, इतकं यांच्या आमटीत मीठ. यांना मात्र ती आमटी अळणी लागायची.

लढाईची तीन वर्षं तेवढा तो मिठातून बाहेर पडला होता. कल्याणकडं मिलिटरीचा तळ पडला, लॉऱ्यांचे तांडे आले, नि त्यांना रंग फासायला माणसं हवी होती. धाकू गेला. तिथल्या एका म्हाताऱ्या पेंटरानं त्याला पत्रा खरवडायला, खड्ड्यांत लांबीचा लगदा भरायला, तो वाळला की पाणी लावत कागदानं घासून सपाट करायला शिकवलं. चकाकी तेवढी शिकवली नाही. मिलिटरीत चकाकी म्हणजे गुन्हा. लॉरी जरा चमकली की साहेब अंगावर धावून यायचा, वरून विमानाला दिसेल म्हणून. लढाई संपली, तळ उठला, धाकू पुन्हा मिठात. त्याला आता सहा वर्षं झाली होती.

या सहा वर्षांत पाय गेले. मिठात उभं राहणाऱ्याच्या पायाला भेगा पडतातच, त्याचं कुणी कौतुक करत नाही. पण धाकूच्या भेगांच्या जखमा झाल्या. बोटांच्या बेचक्यांत मांस दिसायला लागलं. रात्री तो पाय उशाशी घेऊन कण्हायचा. शेवटी तुळसानंच त्याला ओढत स्टेशनापलीकडच्या गुप्ते डॉक्टरांकडं नेलं.

प्रभाकर गुप्ते डॉक्टर पाय बघून म्हणाले होते, “धाकू, औषध मी देईन रे. पण तू इथून जाणार आणि पुन्हा त्याच पाण्यात उभा राहणार. मग मी औषध तुझ्या पायाला देतोय की मिठागराला? स्पष्ट सांगतो, अजून दोन हंगाम तिथे काढलेस तर बोटं कापावी लागतील.”

“मंग खाऊ काय, डाक्टर?”

“दुसरं काही येतं का तुला?”

“रंग लावाला येतं.”

डॉक्टरांना विठ्ठल मिस्त्री आठवला. माजिवड्याला आग्रा रोडवर त्याचं लॉऱ्यांच्या बॉड्या बांधायचं नि रंगवायचं काम चाले. साताऱ्याकडचा माणूस, हातात कला आणि जिभेवर निखारे. डॉक्टरांनी त्याच्याकडं शब्द टाकला, तर तो उसळलाच. “मिठागरवाला? नगं. हंगाम लागला की गडी गायब. आन् मिलिटरीतला रंग म्हंजी काय वो, भित सारवल्यावानी. मला टाकीत माझं टक्कल दिसलं पायजे.”

डॉक्टरही हट्टाला पेटले. त्यांच्याकडे कल्याणच्या लिलावात घेतलेली मिलिटरीची फटफटी होती, शेवाळी रंगाची, जागोजाग पोपडे गेलेली. ते म्हणाले, “माझी गाडी हा घरी रंगवील. तुमच्या कारखान्यात नाही, त्याच्या पडवीत. चैत्री पुनवेला तुम्ही येऊन बघा. पसंत पडली तर माणूस घ्या. नाही पडली तर मी पुन्हा नाव काढणार नाही.”

मिस्त्री म्हणाला, “बगतो. यकदाच बगीन.”

शिमगा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टर फटफटी घेऊन कोपरीत आले, ती धाकूच्या पडवीत लावली नि चालत परत गेले. तेव्हापासून तो जाडजूड माणूस सायकलवरून धापा टाकत रोगी बघत हिंडत होता. रस्त्यात दिसले की हात हलवायचे, तोंडानं एक अक्षर बोलायचे नाहीत. ते दिसले की धाकू घाईनं घरी येऊन पुन्हा घासायला बसायचा.

काम त्यानं चुकवलं नव्हतं. जुना रंग पार पत्र्यापर्यंत खरवडला. तांबडा अस्तराचा हात दिला. लांबी भरली, बादलीत कागद भिजवून भिजवून घासली, इतकी की खड्डा कुठं होता ते त्याला स्वतःला सापडेना. मग काळा रंग मलमलीतून गाळून, डबा गरम पाण्यात ठेवून पातळ करून, जुन्या झिजलेल्या मऊ ब्रशानं लावला. खाडीचे डास रंगावर बसून मरतात म्हणून डॉक्टरांच्याच बायकोनं दिलेली मच्छरदाणी लावली. तिसऱ्या हाताला टाकी अशी दिसायला लागली की तुळसानं तिच्यात बघून कुंकू सारखं केलं.

चार दिवसांनी पुटकुळ्या.

पहिल्या खेपेला त्यानं शेजारच्या गोपीनाथला धरलं. गोपीनाथ येऊन “काय झाक मारतंय रं!” म्हणाला होता आणि दुसऱ्या दिवशी घामोळं उठलं, म्हणजे दृष्टच. तुळसानं टाकीवरून मीठ-मिरच्या उतरून चुलीत टाकल्या. मग त्याचा संशय रंगाच्या डब्यावर गेला. मग तुळसा बोंबील भाजते त्या धुरावर. बोंबील भाजणं बंदच झालं; तीन दिवस तर घरात कालवणही नाही, नुसता भात नि लोणचं. सगळं खरवडून, घासून पुन्हा रंग दिला. आणि आज पुन्हा तेच.

ओट्यावर बसलेल्या धाकूला गोपीनाथनं गाठलंच. तो मिठागराकडं निघाला होता, खांद्यावर दांताळं.

“काय दादूस, चल ना. कुंडी पिकली हाय.”

“तू हो फुरं.”

गोपीनाथनं मान लांब करून पडवीत बघितलं. “परत उठलं? धाकू, तुना सांगू का, सोर ह्यो नाद. गारीला चिखल लाव नि दे डाक्टरला. मिलिटरीचीच होती, मिलिटरीवानी दिसंल.”

“गोप्या, जातंस का ह्या ब्रश तोंडावरशी फिरवू?”

“फिरव. माझे तोंडाव पुटकुल्या तरी नाय येनार.”

तो हसत गेला. धाकूनं आपले पाय बघितले. अठरा-वीस दिवस मिठात अर्धाच वेळ जात होता तर डाव्या पायाची एक जखम कडेनं सुकायला लागली होती. आता ते सुकणंही फुकट जाणार असं त्याला वाटलं, आणि मिस्त्रीचं ते “यकदाच बगीन” कानात वाजत राहिलं.

आत तुळसा काही फटफटीजवळून हलली नव्हती. तिनं केसांतला आकडा काढला आणि एका पुटकुळीला टोचला. आतून थेंबभर पाणी आलं. रंगाखाली पाणी कुठून आलं, हा विचार तिच्या डोक्यात घुसला. तिनं तो थेंब बोटावर घेतला नि जिभेला लावला.

“जयाचे बापूस. इकरं या. ह्या खारट हाय.”

धाकू आला. त्यानं दुसरी पुटकुळी फोडली, चाटली. तोंड हलवून बघितलं. “काय खारट? नुस्ता पानी हाय.”

“तुमचे जिभेला काय कलतं! तुमी दर्याचा पानी बी गोर म्हनाल.” तुळसा माजिवड्याची लेक, गोड्या विहिरीवर वाढलेली. “लगीन होऊन आलू तवा म्हयनाभर मना ह्या घरची आमटी गिलता येत नवती. तुमचे आयसला वाटला, सून नाटकी हाय.” तिचं लक्ष फटफटीशेजारच्या बादलीकडं गेलं. त्या बादलीतच धाकू कागद भिजवायचा, त्याच पाण्यानं टाकी धुवायचा. “ह्या पानी कंचा?”

“कंचा म्हंजे? आपले हिरीचा.”

“हिरीचा!”

“त्याला काय झाला? पियाला नलाचा पानी आनतंव, बाकी समदा हिरीचाच. माझे आजानं खनलीय ती हीर.”

“आजानं खनली म्हून ती गोर व्हते का?”

आजाच्या विहिरीवर बोललेलं धाकूला खपायचं नाही. तो तोंड उघडणार, तोवर तुळसानं चुलीवरचा तवा पालथा होता तो सुलटा केला, बादलीतलं ओंजळभर पाणी त्यात ओतलं. पाणी चरचरलं, उकळलं, कडेकडेनं मागं सरत सरत आटलं. काळ्या तव्यावर पांढरं कडं राहिलं. तिनं नखानं खरवडून ते धाकूच्या तळहातावर ठेवलं.

धाकू त्या पांढऱ्या भुकटीकडं बघत राहिला. ही वस्तू जर कुणाला ओळखायला यायची तर त्याला. पाणी आटलं की खाली काय राहतं, ह्याच्यावर त्याच्या तीन पिढ्या जगल्या होत्या. खाडीचं पाणी कुंडीत घ्यायचं, उन्हात आटवायचं, राहील ते ओढायचं. आणि हा गृहस्थ इतके दिवस टाकीवर खारं पाणी ओतत होता, ते उन्हात आटू देत होता नि वरून रंग मारत होता. रंगाखाली मीठ राहिलं. पहाटे दव पडलं की ते मीठ ओल ओढून घ्यायचं आणि फुगायचं, पावसाळ्यात मिठाचं मडकं ओलं होतं तसं.

“तुलसे,” तो म्हणाला, “मी टाकीव मीठ पिकवला गो.”

“पिकवलाव.”

आणि तो हसायला लागला. आधी नाकातून, मग पोट धरून. तुळसाला वाटलं, गेलं याचं डोकं. पण धाकूला एवढं हलकं शिमग्यापासून वाटलं नव्हतं. दृष्ट नव्हती, डबा खराब नव्हता, त्याच्या हातात खोट नव्हती. नुसतं पाणी चुकलं होतं. पाणी बदलता येतं.

अकरा दिवस होते. त्याच दिवशी त्यानं तिसऱ्यांदा फटफटी पत्र्यापर्यंत नागडी केली.

पाणी आणायचं तुळसाकडं आलं. म्युनसिपालटीचा नळ स्टेशनच्या अंगाला, तिथं बायांची रांग. एरवी ती दोन हंडे न्यायची, आता सकाळी चार नि दुपारी चार. तिसऱ्या दिवशी रांगेतल्या गंगुबाईला राहवेना. तिचा नवरा रेल्वेत खलाशी, माणसं घाटावरची.

“का गं तुळसा, रोज आठ आठ हंडं? लगीन काडलंया का घरात?”

“नाय गो. फटफटीला न्हाऊ घालतंय.”

“फटफटीला?” गंगुबाईनं कमरेवर हात ठेवले. “आन् हळद कवा?”

“हलद नाय, काला रंग. तू ये बगाला, तुना मानाची साडी देतंय.”

रांग हसली. पण दुसऱ्या दिवशी गंगुबाईनंच इतर बायांना दम दिला, “तिला म्होरं जाऊ द्या गं, तिच्या घरी नवरी खोळंबलीया,” आणि तुळसाला रांगेत पहिली जागा दिली. तिथून पुढं पाण्याची चिंता राहिली नाही.

पाणी गोडं आलं तरी धाकू स्वतः खाराच होता. सकाळी मिठात अर्धा दिवस काढून यायचा, अंगावर पांढरी खपली. तुळसा म्हणाली, “त्या हातांनी टाकीला शिवायचा नाय. आधी न्हावा.”

“न्हातंय ना रोज.”

“हिरीवं न्हातंव. तो न्हाना नाय, लोनचा घालना हाय.”

तिनं एक हंडा त्याच्यापुढं आणून ठेवला. लग्नाची हळद उतरवून झाल्यापासून घरी धाकूनं गोड्या पाण्यानं अंघोळ केली नव्हती. विहिरीच्या पाण्यात साबण घासून घासून बोटं दुखायची तरी फेस यायचा नाही, म्हणून त्यानं सवयीनं अर्धी वडी अंगाला चोपडली. मग जो फेस आला तो थांबेचना. डोकं पांढरं, दाढी पांढरी, डोळे मिटलेले, आणि फेस काही उतरत नाही.

“तुलसे, पानी टाक गो! ह्या काय झाला! आंधला झालू!”

“टाकतंय. पन आर्धा हंडाच उरलाय, तो टाकीचा हाय.”

जया, त्यांची लेक, शेजारच्या बायांना बोलावून आणायला धावली. धाकूनं उरलेला फेस फडक्यानं पुसला, अंगावर तुळसानं गोड्या पाण्यात पिळलेलं धोतर गुंडाळलं आणि कामाला बसला. अंग कसं बुळबुळीत नि परकं वाटत होतं, दुसऱ्याचं कातडं घातल्यासारखं.

मिठागरानं जसं त्याचं काम बिघडवलं तसं ते सुधारलंही. रंग लावायची वेळ त्याला कुणाला विचारावी लागली नाही. कुंडीत मिठाची साय धरते तेव्हा वारा नको असतो, आणि खाडीवरचा वारा कधी पडतो नि कधी उठतो हे त्याला कातडीनं कळायचं. दव उडाल्यापासून दुपारचा वारा सुटेपर्यंत मधे दोन-अडीच तास हवा निजलेली असते. त्या वेळेत धूळ नाही, खाडीची खार नाही. म्हणून रंगाच्या चार दिवसांपुरती त्यानं पाळी बदलून घेतली, गोपीनाथला सकाळ दिली नि स्वतः दुपार घेतली. जमीन शिंपडायची, मच्छरदाणीत शिरायचं, आणि तेवढ्या वेळात एक हात पुरा करायचा. टाकीच्या एका कडेवरून सुरू केलं की दुसऱ्या कडेला जाईस्तोवर ब्रश उचलायचा नाही, श्वासही तोंडावर फडकं बांधून घ्यायचा.

एक हात, मग दिवसभर वाळवण, मग बारीक कागदानं गोड्या पाण्यात घासून आलेली चकाकी घालवायची. तुळसाला दर खेपेला ते बघून जीव थोडा व्हायचा. एवढं तेज आलेलं आणि हा बसतो घासून आंधळं करायला. पण पुढच्या हाताला तेज आणखी खोल यायचं. तळहात त्याचे मिठानं असे राठ झालेले की त्यांना गुळगुळीत काय नि खडबडीत काय. तो मनगटाची आतली बाजू टाकीवरून फिरवायचा, तिथलं कातडं अजून माणसाचं होतं. मनगट कुठं अडखळलं की तिथं पुन्हा कागद.

चौथा हात पुनवेच्या पाच दिवस आधी पडला. मग राहिलं नुसतं बघणं.

पहिली पहाट. दव पडलं. धाकू उठला, मच्छरदाणी उचलली, टाकीला नाक लावलं. काही नाही. दुसरी पहाट. काही नाही. तिसऱ्या पहाटे दव असं पडलं की ओसरीच्या कौलांतून थेंब गळत होते. तो टाकीशी बसला नि उजाडेपर्यंत उठला नाही. उजेड आला. टाकी ओली होती, फडक्यानं टिपली. खाली काळं, सपाट, नितळ. त्यानं मनगट फिरवलं. मग गाल टेकवला.

“आवो, लोकं बगतील,” तुळसा मागून म्हणाली.

“बगू दे. तुलसे, नाय उठलं गो. आज उठायचा ना, तं उठलं आसतं. नाय उठलं.”

“मंग आथा बोंबील भाजू का? पंधरा दिस झालं.”

“भाज. दोन जास्ती भाज.”

त्या दिवशी तो पोटभर जेवला आणि भिंतीला टेकून जो झोपला तो दांताळं घे म्हणून गोपीनाथ दारात ओरडेपर्यंत.

पुनवेला सकाळीच डॉक्टर आले, सायकल हातात धरून, आणि त्यांच्याबरोबर विठ्ठल मिस्त्री. बुटका, डोक्यावर पुरतं टक्कल, खिशात मात्र फणी. कोपरीतली रिकामी माणसं कुंपणाला येऊन उभी राहिली. धाकूनं मच्छरदाणी काढली नि बाजूला झाला.

मिस्त्रीनं आधी फटफटीभोवती एक फेरी मारली. मग खिशातली फणी काढून टाकीसमोर धरली.

कुंपणावरून गोपीनाथ म्हणाला, “मिस्त्री, इंचरायचा तं केस लागतान.”

“गप ए,” मिस्त्री मागं न बघता म्हणाला. तो फणीकडं बघत नव्हता, टाकीतल्या फणीच्या प्रतिबिंबाकडं बघत होता. पत्रा जरा वरखाली असला, रंग कुठं जाड-पातळ पडला, की त्या प्रतिबिंबातले दात वाकडे दिसतात. त्यानं फणी हळूहळू टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवली. दात सरळ. मडगार्डावर धरली. सरळ. मग तो जमिनीवर बसला, मडगार्डाच्या आत हात घातला, बोटं बाहेर काढून बघितली. आतही रंग होता, तितकाच साफ.

मागच्या मडगार्डाशी तो थबकला. डोळे बारीक केले. “ह्यो कोन?”

धाकूनं वाकून बघितलं. नंबराच्या पाटीमागं, रंगात, एक डास. पाय पसरून बसलेला.

“तो... रातचा शिरला आसंल,” धाकू म्हणाला. “मना दिसला तवा रंग धरला होता. काढतो म्हटला तं खड्डा परला आसता. वरशी दुसरा हात मारला आसता तं झाकला आसता, पन ठिगूल दिसला आसता.”

मिस्त्रीनं त्याच्याकडं पहिल्यांदाच नीट बघितलं. “मग ठिवलास.”

“ठेवला.”

“माझ्या कारखान्यातली पोरं झाकत्यात,” मिस्त्री म्हणाला, आणि उठला. “पयल्या खेपंलाच आसं जमलं?”

डॉक्टर पुढं होऊन काही बोलणार होते, पण धाकूनंच सांगितलं. “नाय. तिसरी खेप. दोनदा पुटकुल्या आल्या.” आणि त्यानं विहीर, बादली, तवा, सगळं सांगितलं. सांगताना त्याला आपण काय करतोय ते कळत होतं. कामाची मागणी करायला उभा राहिलेला माणूस आपलाच गाढवपणा चव्हाट्यावर मांडत होता. कुंपणाला हशा पिकला. गोपीनाथ तर खालीच बसला.

मिस्त्री हसला नाही. “पुटकुळ्या कशा? मोहरीवानी? आन् फोडल्या की पानी?”

“व्हय.”

“दाराच्या खालच्या कडंला जास्ती?”

“गारीला दार कुठला? पन जिथं पानी साचतं तिथं जास्ती.”

मिस्त्रीनं टकलावरून हात फिरवला. “डाक्टर, माझ्याकडं मिठाच्या लाऱ्या येत्यात. भाईंदराकडनं मीठ भरून जात्यात. रंगवून दिली की दोन म्हैन्यांत दारं फुगत्यात, मालक येऊन माझी आयभैन काढतो. चार वरसं मी रंगवाल्याला शिव्या घालतोया.” तो धाकूकडं वळला. “काय करायचं मग?”

“खरवरली की गोरे पान्यान धुवायची. फटीफटींतून. आन मंग जीभ लावून बगायचा.”

“लॉरीला जीभ लावू?”

“तुमी लावा. मना खारट कलत नाय. नायतं माझे बायकोला न्यावा, ती बरोबर सांगतंय.”

“मी कनाला लारी चाटू!” तुळसा आतून ओरडली, आणि आता मिस्त्रीही हसला. दोन दात पडलेले दिसले.

“हंगामात पळून जानार न्हाईस?”

धाकूनं डावा पाय पुढं केला. मिस्त्रीनं खाली बघितलं नि लगेच नजर वर घेतली.

“सोमवारी ये. आठाला. मिठाच्या लाऱ्या तुज्याकडं.”

डॉक्टरांनी टाकीवर हात ठेवला, मग डाग पडेल म्हणून उचलून घेतला. “धाकू, मी आता हिच्यावर बसू की हिला देव्हाऱ्यात ठेवू?” ते म्हणाले. मग त्यांनी किक मारली. दोनदा नुसती खोकली, तिसऱ्यांदा पेटली. महिनाभर सायकल मारलेल्या त्या जाड माणसानं मिस्त्रीला मागं घेतलं, आणि फटफटी आवाज करत स्टेशनाकडं गेली. सायकल धाकूच्याच दारात राहिली. कुंपणावरची माणसं पांगली.

पडवी एकदम मोठी दिसायला लागली. तुळसा मच्छरदाणीच्या घड्या घालत होती. एकाएकी ती खाली बसली, पाठ भिंतीला लावली नि पाय लांब केले. आठ दिवसांचे हंडे तिच्या मानेत आत्ता उतरले होते.

“सोमवार म्हंजे परवा,” ती म्हणाली.

“परवा.”

“पायाला ती मलमाची पट्टी बांधा आथा. आन बसा जरा.”

“बसतंय कनाला? आज पुनव हाय, उधान येल. उघारी बंद नाय केली तं समदा पानी कुंड्यांत शिरल.” उघाडी म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायची फळ्यांची झडप. उधाणाला ती चिखलानं लिंपून बंद करावी लागते, नाहीतर पिकलेलं मीठ एका भरतीत विरघळतं. आणि ती बंद करायची आजची पाळी धाकूची होती.

त्यानं पट्टी बांधली, कोपऱ्यातलं फावडं उचललं नि निघाला. बांधावर गोपीनाथ आधीच फळ्या लावत होता. खाडी फुगायला लागली होती.

“मिस्त्री,” गोपीनाथ धाकूला चिडवत म्हणाला, “आमचे उघारीला बी जरा चकाकी मारा.”

“तू फली धर सरल,” धाकू म्हणाला. तो गुडघाभर पाण्यात उतरला. पट्टीतून खार आत शिरली, झोंबली. त्यानं एक सणसणीत शिवी हासडली, खाली वाकला आणि चिखलाचा पहिला गोळा फळ्यांच्या फटीत दाबला.